ढगाळ दिवसाचं गरम पाणी

हे मी कुणाला बोलले नाही. आईला नाही, बहिणीला नाही, देवापुढेसुद्धा नाही. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, चार माणसांत मान वर करून बोलत नाही, म्हणून सगळ्यांना वाटतं की हिच्या पोटात काही नसेल. आहे. आणि परवापासून ते नुसतं जळतंय.

परवा आमच्या वाशीच्या नव्या ऑफिसची पूजा झाली. सत्यनारायणाला मी ह्यांच्या शेजारी बसले. प्रसाद झाला आणि हे बोलायला उभे राहिले. साताऱ्याहून येऊन प्लास्टरची कामं घेतली, मग सानपाड्याला बिल्डिंगा बांधल्या, मग सूर्यावर पाणी तापवायची यंत्रं काढली — सगळं सांगितलं. आणि शेवटी म्हणाले, "सोलरचा धंदा माझ्या भावाने बुडवत आणला होता. मी तो सावरला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनीही वाजवल्या. पोटच्या धाकट्या पोराच्या बदनामीवर टाळ्या! आणि मी? मी पदर सारखा केला.

बुडवला म्हणे. अरे, कुणी आणला होता तो धंदा या घरात? ह्यांना विटा, रेती आणि सेंट्रिंग यापलीकडे काही दिसत नव्हतं. विजयभाऊजी, माझे धाकटे दीर, त्यांनी आणला. कुठून तरी शिकून आले आणि आम्ही राहायचो त्या बिल्डिंगच्या गच्चीवर काळा पत्रा, तांब्याच्या नळ्या, काच असं जोडत बसायचे. सासूबाई म्हणायच्या, "सूर्याला कामाला लावणारा आलाय बघा मोठा." हे हसायचे. भाऊजीही हसायचे — पण त्यांचे कान लाल व्हायचे, ते मला दिसायचं. ह्यांनी बजावून ठेवलं होतं की पहिली ऑर्डर मिळाली तर ठीक, नाहीतर काचा भंगारात आणि तू सेंट्रिंगवर.

ऑर्डर देणार होत्या वाशीच्या एक डॉक्टरीणबाई. त्यांचं बाळंतपणाचं हॉस्पिटल होतं. बाळांच्या अंघोळीला दिवसभर गरम पाणी लागतं, म्हणून त्या यंत्र बघायला येणार होत्या. श्रावण होता. सकाळपासून आभाळ भरलेलं. भाऊजी म्हणत होते, बाईंना खरं सांगू, ऊन पडल्यावर परत बोलावू. हे म्हणाले, आलेलं गिऱ्हाईक परत येत नसतं. भांडत भांडतच दोघे त्यांना आणायला गेले.

आता लिहिते.

पावसाळ्यात आमचा अंघोळीचा बंब गच्चीवरच पेटायचा, सेंट्रिंगच्या फळ्यांच्या तुकड्यांवर. त्या दिवशी मी तो परत पेटवला. नळ सोडून यंत्राची टाकी निम्मी रिकामी केली, स्टुलावर चढले आणि बादली बादली कढत पाणी वरून ओतलं. झाकण लावलं, बंब विझवला, खाली येऊन चहाचं आधण ठेवलं.

मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. ह्यांनीही नाही. इतकी वर्षं मी मनाला समजावत आले की या घरातल्या माणसांनी मला तसं वागायला लावलं — ते खोटं आहे. माझी मीच उठले.

डॉक्टरीणबाईंनी नळाखाली हात धरला आणि चटकन मागे घेतला. ऑर्डर तिथेच दिली. भाऊजींनीही नळाखाली हात धरून बघितला; ते मात्र एकदा चटका बसलेल्या हाताकडे बघत होते, एकदा आभाळाकडे. ह्यांची छाती तर अशी फुगली! त्या दिवसापासून दिसेल त्याला सांगू लागले — ढग असले तरी आमचं पाणी तापतं. डॉक्टरीणबाईंनाही छातीठोक सांगितलं, जुना बॉयलर काढून टाका, कशाला वीज जाळता. त्यांनी काढला. आमचा गच्चीवरचा नमुना एका गिऱ्हाइकाने आवडीने विकत घेऊन गावाकडे नेला. म्हणजे पडताळून बघायलाही काही उरलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात व्हायचं ते झालं. आठवडाभर ऊन नाही. हॉस्पिटलात बाळांना अंघोळ घालायला स्टोव्हवर पातेली चढली. डॉक्टरीणबाईंनी हॉस्पिटलच्या जिन्यात, बाळंतिणींच्या नातेवाइकांसमोर दोघा भावांना झापलं. घरी येऊन ह्यांनी सगळं भाऊजींवर काढलं. "आपल्या गच्चीवरचं ढगात तापलं होतं. मग हे का नाही? हात चुकला तुझा, दुसरं काय."

भाऊजी दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या गच्चीवर जाऊन बसले. त्या माणसाने यंत्र उतरवलं, एकेक नळी सोडवली, परत जोडली. ढगाने तापत नाही ते उन्हाने तापतं, इतकी साधी गोष्ट — पण स्वतःच्या हाताने चटका अनुभवला होता ना त्याने! नसलेली चूक शोधत राहिला. जेवायचा नाही नीट. सासूबाई म्हणायच्या, याच्या हाताला यशच नाही. मी वाढायचे आणि ऐकायचे.

अजून मुख्य ते राहिलंच आहे.

एक दिवस दुपारी भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मी पोळ्या करत होते. म्हणाले, "वहिनी, एक विचारू? तुम्ही दिवसभर घरात होता. त्या दिवशी पाणी आपोआप तापलं होतं ना?"

मोठ्या विश्वासाने विचारलं. मी नाही म्हटलं असतं तर ते मोकळे झाले असते. हे मला मारणार नव्हते, कुणी घराबाहेर काढणार नव्हतं. फार तर चार दिवस बोलणी बसली असती. तेवढीही मला नको होती.

"तापलं होतं, भाऊजी," मी म्हणाले. "मी कशाला हात लावू?"

ते मान हलवून गेले. महिन्याभरात बायकोला घेऊन उरणला राहायला गेले. सोलरच्या कामाला ह्यांनी बाहेरचे इंजिनियर ठेवले, ढगाची बात बंद केली, आणि धंदा चालला. आता बिल्डिंगीवर बिल्डिंग, प्रत्येकीच्या गच्चीवर काळे पत्रे. तीच यंत्रं, तशाच नळ्या. आणि भाषणात म्हणे — मी सावरला!

ह्यांचा संताप येतो. टाळ्या वाजवणाऱ्या सासूबाईंचा येतो. पण त्यांना खरं माहीत नव्हतं. मला होतं.

पूजेला जाऊबाई एकटीच आली होती. मी विचारलं, भाऊजी काय करतात. कंटेनरच्या गोदामात राखणदारीला आहेत, म्हणाली. मग सहज बोलून गेली, घरातला दिवा गेला तरी बदलत नाहीत, शेजाऱ्याला बोलावतात. म्हणतात, माझ्या हाताने बिघडेल.