अर्धा दुधी

भाजीच्या गाडीवर एक बाई दुधीला नख लावून पाहत होती. नख सहज रुतलं, तरी तिच्या चेहऱ्यावरची काळजी हटेना. "आमच्या यांना डॉक्टरांनी रात्री हलकं खायला सांगितलंय. रोज नवीन काय करायचं हो?" तिनं मलाच विचारलं.

मी भराभर सांगत सुटले. मुगाचं धिरडं, दुधी किसून घातलेली पातळ खिचडी, ज्वारीच्या पिठाची उकड. तेल चमच्यानंच घालायचं. स्वस्त पडतं, चटकन होतं. माझी सगळी हुशारी वर्षानुवर्षं यातच खर्च झाली होती. ताट हलकं ठेवलं की माणूस आपल्याजवळ जास्त दिवस राहतो, अशी माझी पक्की समजूत होती.

"तुमचे मिस्टर खातात का मुकाट्यानं?"

"कुरकुरतात. पण खातात."

ती हसली आणि अख्खा दुधी घेऊन गेली. तिच्या बाबतीत तरी ते खरं ठरू दे, असं मनात आलं.

भाजीवाल्यानं आमचं बोलणं ऐकलं होतं. हे गेल्यापासून देतो तसाच, त्यानं दुधी मधोमध कापला आणि अर्धा माझ्या पिशवीत ठेवला.