मालकांची हाळी

गळा कापायचा ठरला तेव्हा आमच्या मालकांनी डॉक्टरांना एकच विचारलं, नंतर मेंढरांना हाक कशी मारायची. अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यातल्या त्या डॉक्टरांनी खरं ते सांगितलं. गाठ आवाजाच्या नळीतच आहे, नळी काढावी लागेल, बोलणं जाईल, हाक पण जाईल. मालक बाहेर येऊन बाकावर बसले. बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी खेळत राहिले. मग मला म्हणाले, "त्या रेडिओवालीला फोन लाव."

रेडिओवाली म्हणजे शहरातली तिशीची एक बाई. ती रेडिओसाठी माहितीपट करायची. त्यात चित्र नसायचं, नुसते आवाज आणि माणसांचं बोलणं. मागं एकदा ती लिंबागणेशला देवळाची घंटा रेकॉर्ड करायला गेली होती. आमची मेंढरं तेव्हा त्याच बाजूला चरायला होती. मालकांची हाळी तिच्या कानावर पडली आणि ती बांधाबांधानं चालत आमच्यापर्यंत आली. हाळी म्हणजे पांगलेल्या मेंढरांना घालायची लांब हाक. प्रत्येक मेंढक्याची हाळी वेगळी असते आणि मेंढरं आपल्याच माणसाच्या हाळीला मान वर करतात. तिनं मालकांना परत एकदा हाळी द्यायला सांगितलं. मालक म्हणाले, "मी काय गवई हाय का, मागितलं की गायला?" आणि तिला चहा पाजून वाटेला लावलं. जाताना तिनं पुतण्याच्या मोबाईलमध्ये आपला नंबर घालून दिला होता.

आता आम्हीच तिला बोलावत होतो. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं.

आमची वस्ती उमापूरच्या बाजूला, गावापासून लांब. दोन भावांची घरं, मधे मोकळं अंगण, मागं मेंढरं कोंडायची जाळी. तिच्याशी फोनवर दीर बोलले. दोन दिवस राहते म्हणाली, आधी बसून बोलू, त्याला जरा शांत जागा लागेल. दिरांनी यातला शांत एवढाच शब्द धरला.

त्यांनी सगळी वस्ती कामाला लावली. भावाच्या गळ्याचं काम आहे, पाहुणी एवढ्या लांबून येती, तिला कसली म्हणून कटकट नको. पहाटेच पुतण्याला सांगून मेंढरं लांबच्या गायरानावर हाकलली आणि रात्री तिकडंच बसवायला सांगितलं. कोकरं ओरडतात म्हणून त्यांनाही आयांबरोबर धाडलं. दोन्ही कुत्री पाव्हण्यांच्या वस्तीवर नेऊन बांधली. कोंबड्या डाल्याखाली झाकल्या, डाल्यावर घोंगडं टाकलं. शेजारच्या विहिरीवरची मोटर बंद करायला लावली. जाऊबाईंना धुणं आपटू नका म्हणाले. जाऊबाई म्हणाल्या, "मग दम बी धरून ठिवते की." दिरांना त्याचं हसू आलं नाही.

ती आली, यंत्र काढलं, कानाला मोठे हेडफोन लावले. तिच्या हातातल्या माईकला काळी केसाळ टोपी होती, वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून. मालकांनी ती बघून विचारलं, "हे कोकरू कुणाचं?" ती हसली. मग हेडफोन लावून चारी बाजूंना फिरली आणि परत माझ्यापाशी आली.

"आजी, मेंढरं कुठंयत?"

"तुमच्यासाठीच हाकलली."

"आणि कुत्री?"

मी दिरांकडं बोट केलं. दिरांनी मोठ्या अभिमानानं एकेक सांगितलं, कोंबड्यांवर टाकलेल्या घोंगड्यासकट. ती बाजेवर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसली. मग म्हणाली, "मामा, मी तेच ऐकायला आले होते." दिरांचं तोंड एवढंसं झालं. मेंढरं त्या दिवशी परत आणणं जमण्यासारखं नव्हतं. उद्या सकाळी आपणच गायरानावर जाऊ, असं ठरलं.

तरीही तिनं मालकांना एकदा हाळी देऊन बघता का म्हणून विचारलं. मालक अंगणात उभे राहिले. समोर रिकामी जाळी, बाजूला आम्ही सगळे तोंडाकडं बघत उभे. त्यांनी छाती भरून घेतली आणि हाळी दिली. ती हाळी नव्हती. लग्नात एखाद्याला नाव घ्यायला लावल्यावर जसा आवाज निघतो तसा आवाज निघाला, आणि मधेच खोकला आला. माणूस जन्मभर मेंढरांना हाक मारत आला, तो रिकाम्या जागेला कशी मारणार? मालक स्वतःच म्हणाले, "हे पुसून टाक पोरी. ह्याला एक मेंढरू बी यायचं न्हाई."

मग ती त्यांना बोलतं करत बसली. तिच्या विचारण्याची रीत मला आवडली. उत्तर आलं तरी ती लगेच पुढचं विचारायची नाही. गप्प बसायची, मग माणूस आपणहून आणखी सांगायचा. शेवटी तिनं आम्हाला सगळ्यांना जरा वेळ काही न बोलता बसायला सांगितलं. प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते म्हणे. बोलणं कापून जोडताना मधे तीच लावावी लागते, नाहीतर ऐकणाऱ्याला खड्ड्यात पाय पडल्यासारखं होतं. आम्ही बसलो. मालकांच्या श्वासाची शिट्टी तेवढी ऐकू येत होती. दिरांनी त्यांना हातानं खूण केली, आवाज करू नका. मी दिरांचा हात खाली केला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दवाखान्यातून फोन आला. खाट मोकळी झाली होती, आजच या, ऑपरेशन अलीकडं घेता येईल. जीप दारात आली. रेडिओवाली यंत्र गळ्यात अडकवून तयार होती. गायरानावरून जाऊ, दहाच मिनिटं लागतील, असं ती ड्रायव्हरला सांगत होती. पण गायरान एका अंगाला आणि अंबाजोगाई दुसऱ्या. दीर म्हणाले, "मी फटफटीवर जाऊन कळप रस्त्याला आणतो." मालकांनी दोघांचं ऐकून घेतलं. त्यांना रात्रभर गिळता आलं नव्हतं. जीपमध्ये बसून त्यांनी दार ओढून घेतलं.

"आता ऱ्हाऊ दे," म्हणाले. "आधी जीव बघू."

त्यांचं बोलणं मी त्यानंतरही ऐकलं, वाटेत आणि वॉर्डात. पाणी दे, उशी सरकव, त्या पोराला म्हणावं आजारी मेंढीला वेगळी बांध. हाळी ऐकली नाही.

ऑपरेशन झालं. गळ्याला भोक राहिलं, त्यावर पातळ फडकं बांधायचं. घरी आल्यावर काही दिवस ते मेंढरांपुढं नुसते उभे राहायचे. मग टाळ्या वाजवायला लागले, काठीनं डबा बडवायला लागले. मेंढरांना ते कळायला फार दिवस लागले नाहीत. लोक म्हणतात, जनावराला माणसाची माया असते. असेल. आमच्या मेंढरांनी डबा लवकर शिकून घेतला.

आम्ही दवाखान्यात असताना ती बाई वस्तीवर परत आली होती. गायरानावर जाऊन तिनं दिरांची हाळी घेतली, मेंढरांच्या गळ्यातल्या घंट्या घेतल्या, कुत्री, कोकरं, जाऊबाईंचं धुणंसुद्धा घेतलं. चार महिन्यांनी ती जुळवलेला कार्यक्रम ऐकवायला आली. रेडिओवर जायच्या आधी तुम्ही ऐका, नको ते मी काढते, असं म्हणाली. एवढं कोण कुणाला विचारतं?

अंगणात लहानसा स्पीकर ठेवला. आम्ही ऐकलं. पाण्याच्या हौदावर मेंढरं पितात तिथून सुरू होत होतं. तिचं स्वतःचं बोलणं फार थोडं होतं. मालक बोलायचे, मग घंट्या, मग परत मालक. सकाळी भुंकलेलं कुत्रं तिनं संध्याकाळी भुंकवलं होतं. मी म्हटलं, हे खोटं आहे. ती म्हणाली, "आजी, कुत्रं तुमचंच, वस्ती तुमचीच. फक्त बसवलंय वेगळ्या जागी." गोधडी शिवताना जुन्या लुगड्याचा पदर कुठंही बसवतात, तसंच म्हणायचं. पण मला ते पूर्ण पटलं नाही आणि तसं मी तिला सांगितलंही.

मधे मालकांची ती खोकल्यातली हाळी आली. तिच्यामागं दिरांची, मोकळी, कळपासकट. ही धाकट्या भावाची हाळी आहे, असं तिनं स्वच्छ सांगितलं होतं. मालक ऐकत होते. स्वतःची हाळी आली तसे ते हसले. हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलले. मग त्यांनी हात आडवा फिरवला, काढून टाक. दिरांकडं बोट केलं, ही ठेव.

ती माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "ज्याचा आवाज, त्यानं सांगितलं. काढ."

नंतर तिला गाडीपर्यंत सोडायला गेले तेव्हा मी विचारलं, लिंबागणेशला तू घंटा घेत होतीस, त्यात ह्यांची हाळी आली नव्हती का? तेव्हा तर गळा चांगला होता. तिनं गाडीचं उघडलेलं दार परत लावलं.

"आली होती," म्हणाली. "घंटेत मधेच हाक येतीय म्हणून मी तेवढं पुसलं. दुसऱ्यांदा घंटा घेतली."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिची समजूत घातली नाही. घंटा घ्यायला आलेलं माणूस घंटाच घेणार. पण मला ते ऐकून जे झालं ते झालं.

मालक पुढच्या थंडीत गेले. कार्यक्रम त्यानंतर लागला. वस्तीवर चुलत्या-मालत्यांची सगळी माणसं मोबाईलभोवती जमली होती. हाळी आली तेव्हा एक म्हातारा रडायला लागला, काय गळा होता म्हणाला. ती दिरांची हाळी होती, बाई सांगून गेली होती, पण ऐकतं कोण. दीर उठून जाळीकडं निघून गेले.

काही महिने गेल्यावर मालकांचा आवाज कसा होता हे मला ऐकावंसं वाटायला लागलं. कार्यक्रमात त्यांचं बोलणं होतं, पण हाळी नव्हती. मी पुतण्याला फोन लावायला सांगितला. ती बाई म्हणाली, मी कार्यक्रमातून काढली, पण टाकली नाही. लिंबागणेशनंतर मी काहीच टाकत नाही. तिनं ती मोबाईलवर पाठवली.

मी ती ऐकली. परत ऐकली. पुतण्याची बायको चांगल्या मनाची आहे, ती कधी कधी मी न सांगताच लावायची. आणि मग असं झालं की मालकांची आठवण आली की तीच हाळी कानात येते, रिकाम्या अंगणातली, खोकल्यातली. पन्नास वर्षं संध्याकाळी चुलीपाशी बसून जी ऐकली ती येत नाही. आजारी माणसाच्या आवाजानं धडधाकट माणसाचा आवाज ढकलून दिला. मी तिला सांगितलं, आता लावू नकोस. बंद केल्यावर जुनी परत येईल असं वाटलं होतं. अजून आली नाही.

परवा दीर जाळीपाशी मेंढ्यांचे खूर बघत होते. मी गेले आणि म्हटलं, तुमची नको, त्यांची हाळी कशी होती ती देऊन दाखवा. ते तयारच होते. कमरेवर हात ठेवून त्यांनी हाळी दिली. सुरुवात बरोबर होती, छातीतून घरघर यायची तशी. पण शेवट त्यांनी वर नेला.

"वर न्हाई," मी म्हटलं. "खाली यायचा."

"वैनी, मी लहानपणापासून त्याच्यामागं हिंडलोय. वरच जायचा."

"मग परत द्या."

त्यांनी दिली. शेवट खाली आणला. तोही तो नव्हता. आम्ही जाऊबाईंना हाक मारून विचारलं. त्या हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, शेवटाला ते शिट्टी मारायचे. दीर चिडले, शिट्टी कवा मारली त्यानं? जाऊबाई म्हणाल्या, "मारायचे म्हंजे मारायचे. तुमाला सोताचंच ऐकू येत होतं." दिरांनी शिट्टी लावून बघितली.

एवढ्या हाळ्या ऐकून जाळीत बसलेली मेंढरं उठली होती आणि जाळीच्या तोंडाशी दाटीनं उभी होती. चरायला सोडतात असं त्यांना वाटलं. सोडायची वेळ नव्हती. मी बाभळीचा पाला आणून त्यांच्यापुढं टाकला, तेव्हा ती बाजूला झाली.