वंदनाताईचं जादाचं पेट्रोल

मूर्तीच्या डोळ्यांची आखणी चालू असताना मी फोन घेत नाही, हे माझ्या माणसांना ठाऊक आहे. त्या दुपारी पेणच्या आमच्या कारखान्यात फोन वाजतच राहिला, तेव्हा कुंचला खाली ठेवला. रोह्याहून वंदनाताईचे यजमान, शरदभाऊ बोलत होते. "गेली गो ती..." एवढंच म्हणाले. ती आजारी होती, तरी ऐकलेलं खरं वाटेना. काही दिवसांपूर्वीच भेटायला गेले होते, तेव्हा ती इस्पितळाच्या खाटेवर बसून मोबाइलवर नकाशा बघत होती आणि यातून उठले की अरुणाचलला जायचं, तयारीला लाग, असं मलाच बजावत होती.

आमची ओळख वडखळजवळ झाली. मी नुकतीच मोटरसायकल घेतली होती आणि भर उन्हात ती हायवेवर बंद पडली. शेजारून ट्रक सुसाट जात होते. एक बाई बुलेटवरून उतरली. तिने माझी गाडी दोन्ही हातांनी गदागदा हलवून टाकीला कान लावला आणि म्हणाली, "गाडीला काय नाय झालं. उपाशी हाय ती." मग आपल्या कॅनमधलं पेट्रोल माझ्या टाकीत ओतलं. धाटावच्या एका कंपनीत ती प्रयोगशाळेत होती, शिफ्टला बुलेटनेच जायची. निघताना तिने विचारलं, "लांब कुठे जातेस काय?" जायचंय, पण सोबत नाही, असं मी म्हटलं. "मग आता झाली की!"

त्यानंतर सुट्ट्या जुळवून आम्ही कुठे कुठे गेलो... कच्छ, बस्तर, स्पिती. जिथे पुढचा पंप कधी येईल ते सांगता येत नाही, अशाच वाटा तिला आवडायच्या. तिची तयारी मात्र पक्की असे. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल घेणाऱ्यांवर ती भर रस्त्यात खेकसायची. कॅन जाड पत्र्याचा, घट्ट झाकणाचा. काठोकाठ कधी भरायचा नाही, उन्हात पेट्रोल फुगतं, त्याला जागा हवी. बांधायचा डाव्या बाजूला, सायलेन्सरपासून लांब. उंचावर गेल्यावर झाकण एकदम उघडायचं नाही, हळूहळू फिरवून आधी वाफ जाऊ द्यायची. हे सगळं ती इतक्या सहज करायची की तिच्या मागून जाताना मला कसली म्हणून भीती वाटत नसे.

एकदाच वाटली. झंस्कारमध्ये. दरड कोसळल्यामुळे टँकर अडकले होते आणि वाटेतल्या पंपावर पेट्रोल नव्हतं. आमच्या टाक्या आणि तिचा तो कॅन, एवढ्यावर खिंड ओलांडून पलीकडच्या पंपापर्यंत पोचायचं होतं. हिशेब जेमतेम जुळत होता. खिंडीच्या अलीकडे एक लहान मोटार उभी दिसली. आत एक म्हातारे गृहस्थ मुलीच्या मांडीवर डोकं ठेवून पडले होते, ओठ निळसर झालेले. मुलगी त्यांना इस्पितळात नेतेय आणि गाडीतलं पेट्रोल संपलंय, असं चालकाने सांगितलं. ती काही मागत नव्हती, नुसती आमच्याकडे बघत होती. वंदनाताईने काही न विचारता दोर सोडायला घेतला. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "ताई, सगळं दिलं तर आपलं काय?"

"आपण धडधाकट हाव गो. थांबू, चालू, कायतरी करू. त्यांना थांबता येनार हाय काय?"

कॅन पूर्ण रिकामा झाला. पुढच्या पंपावर भरून घ्यायला होईल म्हणून तिने तो कॅनही त्या मुलीच्या हातात दिला. गाडी धूळ उडवत गेली आणि आम्ही दोघी त्या उघड्या माळावर उरलो. मी दोन्ही टाक्यांची झाकणं उघडून आत बघत होते. ती मात्र सामानातून नळी शोधत होती. थोडं पुढे तंबूतलं चहाचं दुकान होतं, तिथे माझी गाडी लावली, त्या गाडीच्या टाकीतलं पेट्रोल नळीने बुलेटमध्ये घेतलं आणि एकाच गाडीवर निघालो. चढावर बुलेट दमली की मी उतरून चालायची. धाप लागायची, चार पावलांवर बसायची. ती वरच्या वळणावर उभी राहून ओरडायची, "ये गो, ये, घाई नाय!" संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही पलीकडे पोचलो.

दुसऱ्या दिवशी पेट्रोल घेऊन माझ्या गाडीपाशी परत आलो, तर हँडलला तिचा कॅन अडकवलेला, भरलेला. मोटारीचा चालक माघारी जाताना ठेवून गेला होता. म्हातारे बरे आहेत, असा निरोपही चहाच्या दुकानातल्या बाईने दिला. वंदनाताईने कॅन हातात घेऊन पाहिला. "काठोकाठ भरलान," म्हणाली, आणि थोडं पेट्रोल माझ्या टाकीत ओतून मगच तो बांधला. माझ्या डोळ्यांना मात्र धारा लागल्या होत्या.

गेल्या रविवारी रोह्याला गेले. घर शांत असेल, आपल्याला तिथे बसवणार नाही, अशी धास्ती मनात होती. अंगणाच्या फाटकाशीच बुलेटचा आवाज ऐकू आला आणि पाय थांबले. शरदभाऊ तिच्या सीटवर बसले होते. या माणसाने जन्मात कधी मोटरसायकल चालवली नव्हती, वंदनाताईच्या मागे बसतानाही डोळे मिटून घ्यायचा.

"बॅटरी उतरू नये म्हनून रोज चालू करतो," ते ओशाळून म्हणाले. मग म्हणाले, "...शिकवशील काय गो मला?"

मी त्यांच्या मागे बसले. त्यांनी एकदम क्लच सोडला, गाडीने हिसका दिला आणि बंद पडली. "भाऊ, हळू! जीव घ्याल माझा!" मी ओरडले. ते मागे वळून बघत राहिले आणि कितीतरी दिवसांनी हसले.

"ही पन अशीच ओरडायची," म्हणाले, आणि पुन्हा किक मारली.