मेणबत्तीबाईंची बरणी

हॉस्पिटलात त्यांना सगळे मेणबत्तीबाई म्हणत. तपासणीच्या लॅबमध्ये अठ्ठावीस वर्षं काढली, पण खरं नाव पगाराच्या कागदावरच उरलं. हे सगळं त्या काचेच्या बरणीमुळं. घशातले आणि जननमार्गातले काही जंतू भारी नाजूक. जंतूंचं खाद्य ओतलेल्या प्लेटवर पेरायचे, प्लेट बरणीत ठेवायची, आत मेणबत्ती पेटवायची आणि झाकण घट्ट लावायचं. ज्योत विझली की उरते ती कोंदट हवा त्यांना मानवते. "माणसाला जेरीस आणतात आणि स्वतःचे लाड बघा मेल्यांचे!" असं बाई म्हणायच्या.

घसा दुखणारा माणूस रांगेत सगळ्यांना आ करून दाखवतो. जननमार्गाच्या तपासणीची चिठ्ठी मात्र चार घड्या घालून येते. बाईंना याचा राग यायचा. जंतूला ऊब आणि ओल मिळाली की झालं, त्यात लाज कसली?

एका सकाळी वॉर्डातली नर्स नमुना घेऊन आली. सहा दिवसांची मुलगी, डोळे सुजून मिटलेले, सारखा पू. जन्मताना आईच्या अंगातला जंतू डोळ्यांत गेला असावा, असा डॉक्टरांचा अंदाज होता. सुरू केलेलं औषध लागू पडत नव्हतं. कुठलं पडेल, हे जंतू वाढल्याशिवाय कळणार नव्हतं आणि उशीर झाला तर दृष्टीच जाणार होती. आदल्या दिवशीच्या प्लेटवर तर काहीच उगवलं नव्हतं.

बाईंनी नमुन्याची नळी हातात घेतली. गारेगार.

"फ्रिजमध्ये ठेवली होतीस का गं?"

"हो बाई, कालचीपण. खराब होऊ नये म्हणून."

बिचारीनं काळजीपोटीच केलं होतं. लघवीचे नमुने तसेच ठेवतात. पण हा जंतू गारव्यानं मरतो.

बाईंनी उबवणीच्या पेटीतली प्लेट काढली, स्वेटरच्या आत पोटाशी धरली आणि कुरकुरत्या गुडघ्यांनी तीन जिने चढल्या. त्यांच्या जुन्या साहेबांनी शिकवलं होतं, "बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात ना, तशी प्लेट मनगटाला लावून बघायची. गार असली तर पेरायचं नाही." तेव्हा बाई तोंड दाबून हसल्या होत्या. आज त्यांनी मनातल्या मनात साहेबांना हात जोडले.

खाटेशेजारीच उभं राहून त्यांनी पू घेतला आणि तिथंच पेरला. मुलीच्या आईनं त्यांचा हात धरला.

"बाई, माझ्यामुळं झालं ना हे?"

"जंतूमुळं झालं. तुम्ही दोघांनीही औषध घ्यायचं, नवऱ्याला सांग. आणि मान वर कर आधी."

दुसऱ्या दिवशी बरणीतल्या प्लेटवर बारीक करडे ठिपके दिसले. "उगवलास रे बाबा!" बाई एकट्याच ओरडल्या. मग निरनिराळ्या औषधांच्या चकत्या लावून पाहिल्या. आणखी एका दिवसानं एका चकतीभोवती स्वच्छ जागा दिसली, म्हणजे त्या औषधानं जंतू मेला होता. रिपोर्ट लिहायच्या आधीच त्यांनी वॉर्डात फोन केला.

तीन महिन्यांनी नवराबायको मुलीला घेऊन लॅबच्या दारात उभे राहिले.

"बाई, तुमचे उपकार..." आईनं सुरुवात केली.

"थांब गं, माझं काम खोळंबलंय," म्हणत बाईंनी काडी ओढली. मेणबत्ती पेटवून बरणीकडे नेली. मुलीचे डोळे ज्योतीमागोमाग सरकत बरणीपर्यंत गेले. बाईंनी झाकण लावलं. ज्योत बारीक होत विझली, तशी मुलगी बाईंकडे बघत राहिली.

बाईंनी डोळे पुसले. मग काही एक गरज नसताना दुसरी मेणबत्ती पेटवली आणि तिच्यासमोर धरली.