काठी देवाची, दोरी बायकांची

पंधरा ऑगस्टला मुरबाडच्या रस्त्याने पोरं मोटारसायकलींवर झेंडे फडकवत जातात. मी ओट्यावरून बघते. एका हातात गाडी, एका हातात झेंडा. मला तर दोन्ही हात पुरले नव्हते.

नव्वदनंतर कधीतरी आमच्या गावचं सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं आणि माझ्या गळ्यात पडलं. मी तेव्हा स्वतःला फार शहाणी समजायची. टोकावड्याच्या बाजारात कुणीतरी 'सरपंचबाई' म्हणून हाक मारील, म्हणून मुद्दाम हळू चालायची. कुणी मारत नसे.

सव्वीस जानेवारी जवळ आली तसा प्रश्न निघाला, झेंडा कोण फडकवणार? थोरले दीर म्हणाले, जत्रेत देवाची काठी निघते तिला बायका शिवत नाहीत, आणि ही पण काठीच. तेव्हा माझ्या नवऱ्याने फडकवावा. नवरा भावापुढे बोलेना. मी चुलीपाशी फुरंगटून बसले. भाषण पाठ केलेलं, ते वाया जाणार होतं ना.

सासूबाई तांदूळ पाखडत होत्या. सूप खाली न ठेवता म्हणाल्या, "काठीला नको लावू दे हात. दोरीला लावील. दोरी कवापासून पुरुषांची झाली? विहिरीचं पाणी तुमी शेंदता का रे?"

दीर टोपी चढवून बाहेर पडले, आणि सव्वीस जानेवारीला दोरी माझ्याच हाती आली.

शाळेच्या गुरुजींनी बजावलं होतं, एक हलका झटका द्या, गाठ सुटेल. दिला. झेंडा उलगडला, फुलं पडली, पोरांनी राष्ट्रगीत सुरू केलं. पण माझ्या हातांना कोण सांगणार? दोर हाती आला की पोहरा वर येईपर्यंत शेंदायचं, एवढंच त्यांना ठाऊक. हातावर हात पडत गेला आणि झेंडा भरल्या पोहऱ्यासारखा खाली माझ्याकडे निघाला. डोक्यापाशी आला तेव्हा मला भान आलं.

राष्ट्रगीतात हलायची सोय नाही. दोर सोडला तर झेंडा मातीला लागणार, आणि मग या गावात कुठल्या बाईला कुणी दोरी धरू दिली असती? डोक्यावरचा पदर घसरला, तोही दिरांसमोर. घसरू दिला. दोर दोन्ही मुठींत करकचून धरून ठेवला. पाठ केलेलं भाषण गळून गेलं. देश म्हणजे काय असं त्या घटकेला कुणी विचारलं असतं, तर म्हटलं असतं, हा एवढा जड.

गीत संपलं. गुरुजींनी पलीकडची दोरी ओढून झेंडा वर नेला. मागून सासूबाईंचा आवाज आला, "काय गो, लागलं का पाणी?" बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले.

थोरले दीर माझ्याशी थेट बोलत नसत, तशी रीतच होती. माझ्या तळहातांवरचे वळ मात्र त्यांनी पाहिले असावेत. सासूबाईंकडे वळून म्हणाले, "आये, तिला सांग, पंधरा ऑगस्टला दोरी एकदाच ओढायची."