सिग्नल तुटल्यावर

गर्दी दिसली की सिग्नलताई खूश व्हायची. हे नाव आम्हीच पाडलेलं; शहापूरकडच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ती माझ्या एक वर्ष पुढे. स्पर्धेसाठी आम्ही चेंडू टोपलीत टाकणारा, रिमोटवर चालणारा बिनवायरीचा रोबो केला. लॅबमध्ये तो शहाण्यासारखा चालला, आम्ही टाळ्या पिटल्या. हिने ते धूड आम्हाला जीपमध्ये घालायला लावलं आणि थेट मुरबाडच्या एसटी स्टँडवर नेलं. "रिकाम्या खोलीत सगळंच चालतं रे. मधी माणसं उभी ऱ्हायली का मग बघ." आणि खरंच, मध्ये चार माणसं आली की रिमोटचा रेडिओ सिग्नल अडखळायचा. वडापाव खाणाऱ्यांना ती बिनधास्त विचारायची, "काका, जरा हितं उभं ऱ्हाता?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

रोबोच्या चिपमधला प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, तिनेच लिहिलेला. त्यात तिचा एक हट्ट होता: सिग्नल तुटला की रोबोने जागच्या जागी थांबायचं. बाकीच्यांचे रोबो शेवटचा हुकूम धरून पुढे पळत, त्यांचा वेळ वाचे. कारण विचारलं की ती तिच्या गावाला, वैशाखऱ्याला पोचायची. "आमच्याकडं फोन मधीच कट होतो. मग पुढचं आपल्या मनाचं जोडून सांगायचं का? नाय. परत लागंपर्यंत गप ऱ्हायचं."

मुंबईच्या स्पर्धेत आम्ही अंतिम फेरीत पोचलो. जिंकणारे पुढे पुण्याच्या मोठ्या स्पर्धेला जाणार होते, आणि तिचं ते शेवटचं वर्ष. पुणं तिला आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त हवं होतं. रिंगणाभोवती ही गर्दी! मी म्हणालो, "ताई, ते थांबायचं काढून टाक. पाच मिनिटांचं काम आहे."

तिने लॅपटॉप उघडला आणि परत मिटला. "आत पंच उभे ऱ्हातात. कोनाच्या पायावर गेला तर? नाय काढायचं." मला असा राग आला की मी तिच्याशी बोलणंच टाकलं.

फेरीत आम्ही पुढे होतो. मग कडेची माणसं आत झुकली, सिग्नल तुटला आणि रोबो टोपलीच्या हातभर अलीकडे थांबला. सिग्नल परत लागला तेव्हा दुसऱ्यांचा चेंडू टोपलीत पडलेला होता.

कल्याणला तिला मुरबाडच्या जीपमध्ये बसवायला मी गेलो. तिचे डोळे लाल झाले होते.

"पुणं गेलं," मी म्हणालो.

"गेलं."

जीप भरली, ड्रायव्हर चढला. ओढणीने तोंड पुसून ती बाहेर वाकली.

"पन थांबला कसा, बघितलास ना?"