समरकंद आणि माझा एक जून

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आहेत ते पारशिवनीच्या ठवकर गुरुजींचे, आणि समरकंदची सहल बुडायला आली तीही त्यांच्याचमुळे.

सहीच्या जागी अंगठा उठवणाऱ्या घरातला मी पहिला पदवीधर, तो केवळ गुरुजींनी शाळेत घेतलं म्हणून. पाचवीत माझ्या इतिहासाच्या पुस्तकाला कव्हरही त्यांनीच घातलं. तेव्हा रशियाहून गुळगुळीत कागदाची मासिकं यायची. आत काय लिहिलंय ते कोणी वाचत नसे, पण कव्हरसाठी त्या कागदाला तोड नव्हती! माझ्या वाट्याला निळे घुमट आले. खाली छापलेलं : समरकंद, सोव्हिएत संघ. मी बीए होईपर्यंत सोव्हिएत संघ संपला, कव्हर मात्र टिकलं.

आता मी धरमपेठेतल्या एका शाळेत इतिहास शिकवतो. नववीची सहल कुठे न्यायची, हा विषय निघाला तेव्हा बाकीचे शिक्षक म्हणाले हंपी. मी म्हणालो समरकंद. सगळे हसले. (मला वाटलं, हंपीला हसताहेत.)

पालकसभेत एका आजोबांनी विचारलं, "रशियात थंडी लय असते ना, सर?"

"आजोबा, समरकंद आता त्यांच्यात नाही."

"अरे बापरे! मग गेलं कुठं?"

शेवटी मुख्याध्यापिका बाईंनी मंजुरी दिली, पण एका अटीवर. "कल्पना तुमची आहे, सर. तुम्ही सोबत असाल तरच मी चाळीस मुलं पाठवीन. नाहीतर सहल रद्द."

मी ताडकन हो म्हटलं. आपल्याजवळ पासपोर्टच नाही, ही बारीकशी गोष्ट मला घरी पोहोचल्यावर आठवली!

पासपोर्ट कार्यालयात अधिकाऱ्यांनी माझे कागद चाळले.

"जन्मतारीख एक जून?"

इथे कुठल्याही शहाण्या माणसाने 'हो' म्हटलं असतं. पण मी वीस वर्षं वर्गात सांगत आलोय की पुराव्याशिवाय इतिहास म्हणजे नुसत्या गप्पा!

"कागदावर तीच आहे, साहेब," मी म्हणालो, "पण खरी नसावी."

त्यांची बोटं कळफलकावरच थांबली. "मग खरी कोणती?"

"ती शोधावी लागेल."

"शोधा," ते अतिशय प्रेमाने म्हणाले, "आणि सापडली की या." अर्ज बाजूला पडला. मागच्या रांगेतून एक जण ओरडला, "अबे, लोकं खोटं बोलून फसते, हा खरं बोलून फसून राहिला!"

त्यात माझं काय चुकलं? आमच्या गावात शाळेत नाव घालायला आलेल्या पोराची तारीख आईबापांनाच ठाऊक नसे. मग गुरुजी बेधडक एक जून लिहीत. माझा दादा एक जूनचा, मी एक जूनचा, अर्धा वर्ग एक जूनचा! एकाच दिवशी एवढी बाळंतपणं एका सुईणीने कशी निभावली, असा प्रश्न इतिहासाला पडायलाच हवा.

घरी बायकोला वेगळाच प्रश्न पडला.

"थांबा जरा. आपल्या पत्रिका कोणत्या तारखेवरून जुळवल्या होत्या?"

"एक जून."

"अठ्ठावीस गुण जुळले होते!"

"हो."

"ते कोणाचे जुळले मग? म्हणजे माझं लग्न गुरुजींच्या तारखेशी लागलंय!"

त्या रविवारी मी वही घेऊन पारशिवनी गाठली. आईची रीतसर मुलाखत सुरू केली.

"तू पोळ्याच्या दिवशी झाला," आई ठामपणे म्हणाली. "बैल तोरणात उभे होते, अन् तुहा बाप त्यायले तिथंच सोडून घरी पळत आला."

"कोणत्या सालचा पोळा?"

"साल मले काहून विचारतं गा? लाल गाय विकली ना, त्या सालचा."

खाटेवर पडलेला दादा उठून बसला. "लाल गाय? ते त मी चौथीत होतो तवा विकली, आई!"

मी वहीत हिशोब मांडला. दादा चौथीत, म्हणजे मी तिसरीत. म्हणजे माझा जन्म झाला तेव्हा मी पाढे म्हणत होतो!

"मंग दुसरी लाल गाय असंन," आई म्हणाली.

"आई, असं नाही चालत. पुरावा पाहिजे."

"पुरावा?" आईचा आवाज चढला. "तू माह्यापुढं बसून राहिला, हा पुरावा नोहे का? अन् गुरुजीले काहून दोष देतं? दादाच्या मागं मागं जाऊन तू शायेच्या खिडकीत बसून राहे. तुले म्हशीमागं धाडाचं ठरलं होतं. तवा डोक्यावरून हात नेऊन पल्याडच्या कानाले लागला, तरच नाव घालत. तुहा हात काही कानाले पुरे ना! मंग गुरुजीनं तुही मान वाकवली, कान हाताले लावला, अन् म्हणे, 'लागला! लिवतो एक जून.'"

मी वही मिटली.

पासपोर्ट हातात पडल्यावर मी गुरुजींना हे पत्र पाठवलं :

तीर्थस्वरूप गुरुजींस साष्टांग नमस्कार.

माझा पासपोर्ट आला. अधिकाऱ्यांनी विचारलं, "सापडली खरी तारीख?" मी म्हणालो, "एक जूनच." ते म्हणाले, "पुरावा?" मी शाळेचा दाखला पुढे केला. खाली आपली सही होती. पुराव्याचा धडा मी अजूनही शिकवतो, फक्त हल्ली तो शिकवताना मान आपोआप वाकते.

चाळीस मुलं घेऊन सुट्टीत निघतोय. जुनं कव्हर सोबत नेतो आहे. घुमट तेच आहेत का, ते ताडून पाहीन आणि कळवीन.

आपला विद्यार्थी.
(जन्मतारीख : आपण म्हणाल ती.)

ता. क. आपण वय वाढवून लिहिल्यामुळे मी एक वर्ष आधी निवृत्त होऊन घरी बसणार, हे बायकोने शोधून काढलं आहे. मी घरी बसणार याची धास्ती माझ्यापेक्षा तिलाच जास्त, म्हणून तिला आपला पत्ता दिलेला नाही.